आबांचे सहा धागे

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द होता 'काबरं'. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मला बघायला सावद्याची मंडळी जळगावला आमच्या घरी आली होती. पोहे झाले, चहा आला, आणि आपली बाजू भक्कम करावी म्हणून माझ्या मामांनी कोणी न विचारताच सांगून टाकलं, "नोकरीचं काही नाही हो. लग्नानंतर सोडेल ती." एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी खाली मान घालून बसले होते. समोरून जाड, किंचित घोगरा आवाज आला.

"काबरं?"

मामा गडबडले. "नाही म्हणजे... सुनेनं नोकरीला जाणं तुमच्याकडे बरं दिसणार नाही..."

"आमच्याकडे काय बरं दिसते ते आमी पाहू. तिले विचारलं का कुनी?"

कोणी विचारलं नव्हतं. मी मान वर केली. उन्हानं रापलेला, उंच, हाडापेरानं मजबूत असा एक माणूस उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "मला सोडायची नाही." "मंग झालं," असं म्हणून त्यांनी चहा बशीत ओतला. लग्न तिथंच ठरलं, असं मी आजही मानते. प्रकाशकडे, म्हणजे ज्याच्याशी लग्न व्हायचं होतं त्याच्याकडे, मी नंतर पाहिलं.

'काबरं' म्हणजे का, कशासाठी. सावदा-रावेरकडे हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो. पण आबा, म्हणजे माझे सासरे, तो दारात आडवी काठी धरावी तसा वापरायचे. तलाठी असो, पुजारी असो, बँकेचा साहेब असो, ते आधी काठी आडवी धरत आणि समाधान झालं तरच बाजूला करत. त्यांच्या मळ्यातली केळी कापायला रशीदभाईंची टोळी वर्षानुवर्षं येत असे. एका वर्षी दंगलींमुळे सगळीकडेच हवा बिघडली होती. गावातली चार माणसं ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, यंदा कापनीले दुसरी मानसं लावा." आबांनी विचारलं, "काबरं? त्यायच्या हातानं घड उतरला त केयी आंबट निंघते का?" दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन ते रशीदभाईंच्या गल्लीत गेले. मळ्याकडे जायला मागची वाट जवळची होती. आबांनी सायकल हातात धरली आणि सगळ्या टोळीला घेऊन भर बाजारातून चालत गेले.

हे ऐकायला छान वाटतं. घरात राहणाऱ्यांना मात्र हा स्वभाव जड जायचा. चष्म्याच्या दुकानदारानं "आता चष्मा घ्यावाच लागेल" म्हटलं, तेवढ्या त्या 'च'वरून त्यांनी तीन वर्षं चष्मा घेतला नाही. भाजीत अळी निघाली की सासूबाईंच्या आधी भाजीवर चिडायचे. कोणी "आबा, तुम्ही असं करायला पाहिजे" म्हटलं की ती गोष्ट तिथंच संपायची. माझे मोठे दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, सावद्याची शेती बघायचे आणि दिवसातून दोनदा तरी कपाळावर हात मारून घ्यायचे. सासूबाई गेल्यावर आबा दादांकडेच राहिले. आम्ही दोघं जळगावला, दोन खोल्यांत. सणावाराला सावद्याला गेले की मी आबांसमोर डोक्यावरचा पदर सांभाळायची. त्यांनी तो घे असं कधी सांगितलं नाही आणि घेऊ नको असंही नाही. आमच्यात बोलणं व्हायचं ते लॅबविषयी. "रगताचा एक थेंब पाहून मानसाची गोठ कशी कयते?" असं ते विचारत, आणि मी सांगत असे.

नव्वद साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका सकाळी दादा त्यांना जीपमध्ये घालून आमच्याकडे घेऊन आले. लघवी अडली होती. आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण जीपमधून ते स्वतःच उतरले. दवाखान्यात नळी घातली आणि आठवड्याभरात दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. म्हातारपणी ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. आतून तिचे तुकडे खरवडून काढतात. ते काढलेले तुकडे तपासायला पाठवायची पद्धत होती, आणि ते आले ते नेमके आमच्याच लॅबमध्ये.

बाटलीवर आबांचं नाव होतं. रजिस्टरमध्ये ते मीच लिहिलं. ज्यांच्यासमोर मी डोकं उघडं टाकत नव्हते त्यांच्या देहाच्या आतले ते तुकडे, खोबऱ्याच्या काचऱ्यांसारखे पांढुरके, मी चिमट्यानं एकेक उचलून ठेवत होते. नेहमीचं काम नेहमीसारखं केलं. तुकडे मेणात बसवले, पातळ काप काढले, रंग चढवला आणि काचा आमच्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरबाई लॅबच्या मालक. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि स्वतः उठून खुर्ची दिली.

"मंगला, हे तुझ्या घरचं आहे ना? बस. बघ."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एवढ्या वर्षांत काय बघायचं ते मलाही थोडंफार कळायला लागलं होतं.

"कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्या सगळ्या तुकड्यांत फक्त दोन ठिकाणी, टाचणीच्या टोकाएवढा. जात सौम्य आहे. पण आहे."

रिपोर्ट सर्जन डॉक्टरांकडे गेला, त्यांनी दादांना बोलावून सांगितलं, आणि त्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत दादा आणि प्रकाश समोरासमोर बसले. सर्जननी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, मुंबईला जाऊन सगळी ग्रंथी काढायची. दुसरी, इथंच छोटं ऑपरेशन करून अंडकोश काढायचे, म्हणजे या रोगाला लागणारं खतपाणी बंद होतं. दादांनी दुसरी वाट पक्की केली होती.

"आबांना सांगायचं नाही," दादा म्हणाले. "कॅन्सर शब्द ऐकून हाय खातील. हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगू. सही मी करतो."

"अंडकोश काढायचे आणि सांगायचं हर्निया?" मी विचारलं.

"मग काय, ते काढतो म्हणून सांगायचं बापाला?" दादांचा आवाज चढला. "तू बाईमाणूस आहेस, यात पडू नको. आणि दवाखान्यात डबा घेऊन जाशील तेव्हा तोंड सांभाळ."

प्रकाश उठून पाणी आणायला आत गेला. दादा वाईट नव्हते. बाप जाईल या भीतीनं त्यांची झोप उडाली होती आणि काहीतरी लवकर उरकून टाकावं एवढंच त्यांना दिसत होतं. हे मला आज कळतं. त्या वेळी मी फक्त चिडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दशम्यांचा डबा घेऊन मी दवाखान्यात गेले. आबा खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होते. डबा उघडला तरी त्यांनी हात लावला नाही.

"पोरी, दादा माह्याशी गोड बोलू ऱ्हायला," ते म्हणाले. "तो गोड बोलला म्हंजे काहीतरी दडवते. ते तुकडे तुह्याकडेच आले असतीन ना?"

"हो."

"तुवा पायले?"

"पाहिले."

"काय निंघालं?"

मी पदर सावरला, मग सोडून दिला. सगळं सांगितलं. कॅन्सर, दोन तुकडे, टाचणीचं टोक, सौम्य जात, मुंबई, आणि हर्निया म्हणून काय काढणार आहेत तेही. तो शब्द सासऱ्यासमोर उच्चारताना माझे कान तापले. आबांनी दशमीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि सावकाश खाल्ला.

तासाभरानं सर्जन डॉक्टर फेरीला आले. मागे दादा. डॉक्टर म्हणाले, "आबा, बुधवारी हर्नियाचं छोटंसं ऑपरेशन उरकून घेऊ."

"कोनत्या बाजूचा हर्निया हाये?"

डॉक्टरांनी दादांकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काबरं पाह्यता? हर्निया माहा हाये ना?" आबा खाटेवरून उतरून उभे राहिले. नळीची पिशवी त्यांच्या हातात होती. "डॉक्टर, तुमी हुशार मानूस हा. मले कॅन्सर हाये हे मले सांगाले तुमची जीभ काबरं अडली? मी काय तान्हं लेकरू हाये? माह्या आंगातलं काय काढायचं ते मले पुसल्याबिगर काढसान, तर ह्या पोरीसकट जिल्ह्याच्या कलेक्टरसमोर जाऊन बसीन."

वॉर्डातले सगळे रुग्ण उठून बसले. दादा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेनंतर ते माझ्याशी कामापुरतंही धड बोलले नाहीत, किती तरी वर्षं.

सर्जनना राग आला, पण माणूस मोकळा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आबांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. आबांनी एकच विचारलं, "आनि काहीच केलं नही तर?" डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला, एवढ्याशा सौम्य रोगात, काही ठिकाणी नुसती नजर ठेवतात असं आता लिहून येतंय. कित्येकांना त्याचा त्रास होण्याआधी दुसरंच काहीतरी गाठतं. पण मी सहजासहजी तसं सांगणार नाही. "मंग जमलं," आबा म्हणाले. "आमी नजर ठिवू."

एवढ्यावर मिटलं असतं तर आबा घरी जाऊन विजयी मुद्रेनं ओट्यावर बसले असते. पण मी त्यांना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. टेबलावर बाईंच्या डब्यातली मोसंबी होती. त्यांनी ती हातात घेतली.

"आबा, दुर्बिणीतून ऑपरेशन केलं तेव्हा डॉक्टरांनी वरून भोक पाडून या मोसंबीचा मधला गर काढला. मी तपासला तो गर. साल आणि तिला चिकटलेला भाग अजून तुमच्या पोटातच आहे. आणि हा रोग बहुतेक वेळा तिथंच, सालीजवळ सुरू होतो. गरात सापडला तो एवढासा आहे, पण सालीत किती आहे ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. नजर ठेवायची तर आधी ते बघावं लागेल. जखम भरली की दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा बायोप्सी. मागच्या वाटेनं सुई घालून सालीतले सहा तुकडे काढतात. तिथंही थोडं आणि सौम्यच निघालं तर थांबा. जास्त किंवा जहाल निघालं तर थांबण्यात अर्थ नाही."

मागची वाट म्हणजे काय ते आबांना कळलं. ते ताडकन उठले. "एकदा पायलं ना? पुन्हा नही. मी जनावर नही." आणि ते बाहेर निघून गेले.

घरी आल्यावर त्यांनी खरं कारण सांगितलं. रावेरला त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. त्याला अशीच सुई घातली आणि चार महिन्यांत तो गेला. "सुई टोचली की तो रोग पसरते. सगयेच सांगता." मी म्हटलं, तसं नसतं. ते म्हणाले, "तुले काय ठावं?" मी म्हटलं, रोज तेच काम करते. ते म्हणाले, "तुह्या कामापायी माह्यावर सुई चालवशीन?" मग माझाही तोल गेला.

"आबा, दादांना तुम्ही म्हणालात की मला न विचारता काढू नका. बरोबर होतं ते. पण आता आत काय आहे ते बघूच नका, असं तुम्ही म्हणताय. हा काही करारीपणा नाही. तुम्ही घाबरलाय. घाबरलाय तर तसं म्हणा."

स्वयंपाकघराच्या दारात प्रकाश उभा होता. आबांनी टोपी डोक्यावर घातली, कपड्यांची पिशवी उचलली आणि सावद्याची एसटी पकडायला निघाले. मी थांबवलं नाही. नंतर रडले मात्र पुष्कळ.

अडीच महिने गेले. सावद्याहून काही निरोप नाही. मग एका सोमवारी लॅब उघडताना पाहते तर बाकावर आबा बसलेले. मांडीवर पिशवी.

"रावेरले गेलो व्हतो," ते म्हणाले. "त्या मानसाच्या घरी. पोराले इचारलं, बाप कवापासून आजारी व्हता? तर म्हने, दीड वर्ष कंबर दुखे. उठता येत नव्हतं, बसता येत नव्हतं. सुई त्याच्याही नंतर. म्हंजे रोग आधीच हाडात गेला व्हता. सुईनं काय केलं नही." मग पिशवी उचलत ते म्हणाले, "घाबरलो व्हतो मी. चाल, कुठी जायचं ते सांग."

धुळ्याला एक तरुण मूत्ररोगतज्ज्ञ नुकतेच आले होते आणि त्यांच्याकडे सोनोग्राफीत बघत सुई घालायचं यंत्र होतं. दादांना हे कळल्यावर ते सावद्याहून धावत आले. "आबा, हिचं ऐकून जीव घालवताय तुम्ही." आबा म्हणाले, "हिचं नही. म्या रावेरले जाऊन ऐकलं." प्रकाशनं रजा काढायची तयारी केली, तर आबांनी त्यालाही नको म्हटलं. "कागद वाचनारं मानूस पायजे संग." सासरा आणि सून, असल्या कामासाठी, दोघंच. शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. आम्ही पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीनं धुळ्याला गेलो.

मी पडद्याबाहेर स्टुलावर बसले होते. आत तरुण डॉक्टर समजावत होते, "आबा, टक्‌ असा आवाज येईल, चिमटा बसल्यासारखं होईल. हलू नका."

"किती डाव?"

"सहा."

"मी मोजतो."

टक्‌. "येक!" आबांचा आवाज बाहेरच्या रस्त्यावर गेला असेल. टक्‌. "दोन!" तिसऱ्याला आवाज थोडा बसला. चौथ्याला आकडा आलाच नाही. आली ती एक शिवी, अस्सल सावद्याची, जी मी आधी फक्त बैलांच्या बाबतीत ऐकली होती. डॉक्टर हसत हसत म्हणाले, "आबा, हा चौथा धरायचा ना?" "धरा!" आबा ओरडले. "पाच!" "सहा!"

सहा छोट्या बाटल्या. प्रत्येकीत दोऱ्याच्या तुकड्यासारखा पांढरा बारीक धागा. परतीच्या एसटीत मी त्या पर्समध्ये घालून मांडीवर धरल्या होत्या. आबा एका कुशीवर रेलून बसले होते. पारोळा सोडल्यावर म्हणाले, "त्यात मी हाये, नही का? सांभाय."

तिसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. लघवीत रक्त होतंच, ते होणार हे सांगितलेलं होतं. पण ताप पाहताच मी रिक्षा बोलावली. दवाखान्यात सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. दादा खाटेशी येऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काही झालं तर तुझ्यामुळं. लक्षात ठेव." सुईनं रोग पसरत नाही हे मला माहीत होतं. सुईनं जंतू आत जाऊ शकतात हेही माहीत होतं, आणि ते मी आबांना पुरेसं ठासून सांगितलं नव्हतं. ते दोन दिवस मी लॅबमध्ये काचा रंगवल्या आणि दर दोन तासांनी दवाखान्यात पळाले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. उठून बसल्यावर आबांनी आधी विचारलं, "धागे झाले का पाहून?"

डॉक्टरबाईंनी ते दोन वेळा पाहिले. मग काचा मुंबईच्या एका जाणकारांकडे पाठवून त्यांचंही मत घेतलं. पाच धागे स्वच्छ. सहाव्यात एका टोकाला तोच रोग, तेवढाच बारीक, तसाच सौम्य.

"म्हंजे हाये," आबा म्हणाले. मला वाटतं, एकही नसेल अशी आशा त्यांच्या मनात कुठंतरी होती. "पन निजेल हाये."

"निजलेला आहे," बाई म्हणाल्या. "उठणारच नाही असं मी लिहून देणार नाही. दर सहा महिन्यांनी रक्ताची चाचणी, डॉक्टरांची तपासणी, आणि दोनेक वर्षांनी पुन्हा सुई. चालेल?"

"पुन्हा?" आबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "चालीन. त्याच पोराकडून करीन. त्याचा हात बरा हाये."

सर्जन डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की रुग्ण सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर उपचार नाकारत आहे. आबांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि परत सरकवला. "हे खोटं हाये. म्या काही नाकारलं नही. दुसरा कागद द्या." कोऱ्या कागदावर, मोठ्या मोठ्या अक्षरांत, त्यांनी स्वतः लिहिलं की मला कॅन्सर आहे, तो लहान आहे, हे दोनदा तपासून मला समजावून सांगितलं आहे, मला ते समजलं आहे, आणि मी तपासण्या करत राहून वाट पाहणार आहे. खाली सही. सर्जननी तो कागद दोनदा वाचला आणि फाइलला लावला.

पुढची सहा वर्षं दर सहा महिन्यांनी ते लॅबच्या बाकावर येऊन बसायचे. रक्त मुंबईला जायचं, रोग वाढतोय का ते सांगणारा आकडा आठवड्यानं यायचा, आणि तो आठवडा आमचा कोणाचाच बरा जायचा नाही. आबा तसं दाखवायचे नाहीत, पण त्या दिवसांत ते जेवण अर्ध्यावर सोडत. दोन वर्षांनी पुन्हा धुळ्याला गेलो, या वेळी जंतू मारायची औषधं आधीपासून घेऊन. पुन्हा सहा धागे, पुन्हा तेच उत्तर. या वेळी सहाही आकडे त्यांनी शिवी न देता मोजले आणि बाहेर येऊन मला ते अभिमानानं सांगितलं.

गावात मात्र त्यांनी आमची पार दैना केली. सावद्याच्या बसस्टँडवर, केळीचा ट्रक भरताना, कोणाच्या मुलीच्या साखरपुड्यात, कुठंही आबा मोठ्यानं विचारायचे, "का हो, लघवी अडकते का? धार बारीक झाली का? लाजता काबरं?" एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या व्याह्यांना सुई कुठून घालतात ते हातवारे करून सांगितलं. जाऊबाई माझ्याजवळ येऊन रडल्या, घराण्याची लाज गेली म्हणून. मी आबांना बोलले. ते म्हणाले, "अवं पोरी, मानसं लाजंनं मरू ऱ्हायली. मी कायची लाज धरू?"

सहाव्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, सकाळी चहा घेताना आबा गेले. छातीत कळ आली, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले, एवढंच. त्याआधी महिन्याभरापूर्वीच रक्ताचा आकडा आला होता. तो होता तिथंच होता.

दहाव्याच्या दिवशी सावद्याला अंगणात पुरुष मंडळी बसली होती. बायका आत. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेव्हा रावेरचे एक नातलग सांगत होते, "सहा वरीस आंगावर काढलं बिचाऱ्यानं. कॅन्सर तो कॅन्सर. वखतावर काढून टाकलं असतं तर आज बसेल असते इथी." दोन-तीन माना हलल्या. दादा खाली बघत होते. मला वाटलं, आता तेही मान हलवतील.

दादांनी मान वर केली. "त्यानं नाही गेले आबा," ते म्हणाले. "हृदय बंद पडलं. तो रोग होता तेवढाच राहिला. दोनदा सुई घालून पाहिलं होतं. मी तर पहिल्यांदा आबांना फसवूनच कापायला निघालो होतो." त्यांचा आवाज फुटला. मग सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला सगळ्यांसमोर नावानं हाक मारली. "मंगला, ये इकडे. मला नीट सांगता येत नाही. तू सांग यांना."

पन्नासेक पुरुष माझ्याकडे वळले. मी ट्रे ओट्यावर ठेवला. पदर खांद्यावर होता, तो मी तसाच राहू दिला आणि बोलायला लागले. प्रोस्टेट म्हणजे काय, ती कुठं असते, गर कोणता, साल कोणती, सुई कुठून जाते, ताप का आला, थांबायचं असेल तर आधी दुसऱ्यांदा का बघावं लागतं, आणि बघून जास्त निघालं असतं तर आबांनाही ऑपरेशन करावंच लागलं असतं, ते सगळं. एकही शब्द झाकून बोलले नाही. कोणी उठलं नाही. ट्रेमधला चहा गार झाला.

मी थांबले. मग मागून, तुळशीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"पोरी," तो म्हणाला, "मले रातच्याले पाच डाव उठा लागते. ते काय असते वं?"